घंटा मांजराच्या नाही, टायगरच्या गळ्यात बांध

पत्र असं आलंय. थोडं कापलंय, कारण मूळ पत्र फार लांब होतं आणि त्यात नवऱ्याबद्दल जे लिहिलंय ते मी छापणार नाही.

"काकू नमस्कार, आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो, जुनी चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. आमचा टायगर लॅब (लॅब्राडोर) आहे, तीन वर्षांचा, 34 किलो. गणपतीच्या सुमारास बिल्डिंगमध्ये एक तिरंगी मांजर येऊन राहिली, तेव्हा तिचं पोट जरा मोठं वाटत होतं. तळमजल्याच्या आजी तिला रोज सकाळी सातला जिन्याखाली दूध आणि सुके बोंबील घालतात आणि मावशी म्हणतात. पहिल्यांदा टायगर तिच्या मागे धावला तर ती कठड्यावर चढून बसली. मग नवरात्रात पहिल्या मजल्याच्या वळणावर दोघं एकदम समोरासमोर आले आणि तिने त्याच्या नाकावर अशी फाडकन दिली की रक्त आलं. तेव्हापासून हा दुसऱ्या मजल्यापर्यंत येतो आणि फतकल मारून बसतो. ओढलं तरी उठत नाही. मिस्टर उचलून खाली नेतात. दोनदा घरातच पायपुसण्यावर शू केली, मी खूप ओरडले. गेल्या आठवड्यात सासूबाईंच्या हातात पट्टा होता, मांजर दिसली आणि टायगरने असा झटका मारला की त्या पायरीवर बसल्या, मनगट दुखावलंय. आता मिस्टर म्हणतात मांजरीला पोत्यात घालून रेतीबंदराकडे सोडून येतो. बिल्डिंगची पोरं म्हणतात दोघांची दोस्ती करून देऊ. टायगर हल्ली खाजवतो पण खूप. ओरखड्याने रेबीज होतो का? दोस्ती कशी करायची? आणि मांजर सोडून येणं चूक आहे का, खरं सांगा. टायगरची आई."

अगं, आधी सॉरी म्हणते, कारण पत्र वाचून मी हसले. कुत्र्याचं नाव टायगर ठेवायचं, जिन्यात त्याला वाघाची मावशी भेटायची, आणि मावशीने भाच्याच्या थोबाडीत दिली म्हणून पत्र लिहायचं. आमच्याकडे मांजर आडवं गेलं की चांगली शिकलेली माणसं स्कूटर थांबवून उभी राहतात, तुझं 34 किलोचं लेकरू पायरीवर बसलं तर त्याला काय बोलणार. पण सासूबाईंचं वाचलं आणि हसू गेलं. मनगटाची सूज दोन-चार दिवसांत उतरली नसेल तर आधी एक्सरे काढून घे, या वयात पडताना हात टेकला की मनगटाचं हाड चिरतं आणि मुरगळलंय म्हणत महिनाभर तेल चोळत बसतात लोकं. आणि हे सगळं निस्तरेपर्यंत पट्टा त्यांच्या हातात अजिबात द्यायचा नाही, त्यांनी मागितला तरी.

आता ओरखडा. हो, रेबीज मांजरालाही होतो आणि मांजराकडून पसरतोही, लोकांना वाटतं तो फक्त कुत्र्याचा आजार आहे. पण तुझ्या बाबतीत एक चांगली गोष्ट तुझ्याच पत्रात आहे. ज्या कुत्र्याच्या किंवा मांजराच्या लाळेतून रेबीज पसरत असतो ते जनावर साधारण 10 दिवसांच्या आत आजारी पडून मरतं, म्हणून तर चावलेल्या जनावरावर 10 दिवस नजर ठेवा म्हणतात. थप्पड नवरात्रातली, आता दिवाळी होऊन गेली, आणि मावशी अजून रोज सातला बोंबील खातेय म्हणतेस. म्हणजे त्या दिवशी तिच्याकडून काही आलं असण्याची भीती सोडून दे. तरी टायगरचं कार्ड काढून बघ, रेबीजची वर्षाची लस कधी दिलीये, तारीख उलटली असेल तर उद्याच घेऊन जा आणि डॉक्टरांना ओरखड्याचंही सांग, बूस्टर द्यायचा का ते ते ठरवतील.

आणि पुढच्या वेळी (येऊ नये, पण जिना आहे, मांजर आहे) ओरखडा आला की लगेच साबण आणि वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, कारण आपल्याला दोन मिनिटं म्हणजेच पंधरा वाटतात. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. तुमच्यापैकी कोणाला ओरखडा आला किंवा दात लागला तर मात्र हे 10 दिवस बघूया वगैरे करत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. सरकारी दवाखान्यात लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी देतात, रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही, म्हणजे तयार प्रतिकारद्रव्यांचं इंजेक्शन, घ्यावं लागतं. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की त्यावर इलाज नाही, त्यामुळे इथे कंजूसपणा नको, आळस तर मुळीच नको.

मला रेबीजपेक्षा जास्त धडकी भरते ती डोळ्याची, आणि त्याला कारण माझाच एक गाढवपणा आहे तो सांगते. आमच्याकडे मोती नावाचा पॉमेरियन होता, त्याला गच्चीवर एका बोक्याने मारलं, रविवारची संध्याकाळ, आमचे नेहमीचे डॉक्टर बंद, मोती एक डोळा मिटून बसलेला आणि पाणी गळतंय. घरात ह्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब उरले होते. मी म्हटलं डोळ्याचंच औषध आहे, माणसाला चालतं तर कुत्र्याला का नाही, टाकले. दोन दिवस टाकले! तिसऱ्या दिवशी डोळा निळसर-पांढरा, दुधासारखा. डॉक्टरांनी बाटली बघितली आणि कपाळाला हात लावला, कारण त्यात स्टेरॉइड होतं आणि बुबुळाच्या पडद्यावर जखम असताना स्टेरॉइड गेलं की जखम भरत नाही, उलट खोल जाते. मग त्यांनी एक रंगाचा थेंब टाकला, निळ्या उजेडात बघितलं तर जखम हिरवी चमकत होती, मलाही दाखवली. तीन आठवडे दिवसातून चार-चार वेळा औषध आणि गळ्यात ते लँपशेडसारखं प्लास्टिक. डोळा वाचला, पण पांढरा ठिपका राहिला तो राहिलाच, आणि मोती गेला तोपर्यंत तो ठिपका मला रोज दिसायचा. तर मांजराशी झटापट झाली आणि कुत्रा डोळा मिटतोय, चोळतोय, पाणी येतंय असं दिसलं तर घरातला कुठलाही थेंब नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

दुसरं म्हणजे मांजराचा दात. नख ओढलं जातं म्हणून जखम दिसते, दात सुईसारखा आत जातो, वरचं भोक बंद होतं आणि आत पू धरतो. दोन-तीन दिवसांनी गाठ, ताप, जेवण बंद. लॅबने जेवण बंद केलं तर तुला कळेलच म्हणा.

आता मुद्द्यावर येते. ती मांजर तिरंगी आहे म्हणजे मादीच असणार, पांढरा-काळा-पिवळा असे तिन्ही रंग बोक्यात फार क्वचित दिसतात, कारण पिवळ्या आणि काळ्याचा हिशोब एक्स क्रोमोझोमवर असतो आणि बोक्याकडे तो एकच. गणपतीत पोट मोठं. नवरात्रात अंगावर येऊन मारलं. अगं, तू सगळं स्वतःच लिहिलंयस आणि तुला दिसलं नाही! त्या वळणाच्या आसपास, मीटर बॉक्सच्या मागे किंवा जिन्याखालच्या त्या अडगळीत जिथे कोणाची तरी मोडकी सायकल असते, तिथे तिची पिल्लं आहेत, मी पैज लावते. गणपतीत तुमच्याशी ओळख नव्हती तेव्हा धावून आलेल्या टायगरपासून ती पळाली, कठड्यावर चढली, कारण तेव्हा फक्त स्वतःला वाचवायचं होतं. नवरात्रात पळाली नाही कारण मागे पिल्लं होती. टायगरला तरी काय माहीत, तो शू करायला निघाला होता.

त्यामुळे आज संध्याकाळी टायगरला घरात ठेवून मोबाइलची टॉर्च घे आणि लांबूनच बघ. हात लावू नकोस, पोरांना सांगू नकोस, नाहीतर अर्ध्या तासात पिल्लं पोरांच्या मांडीवर आणि फोटो ग्रुपवर. फार डिस्टर्ब केलं की ती एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलते, आपल्याकडे म्हणतातच ना मांजर पिल्लांना सात घरं दाखवते, आणि त्यातलं पुढचं घर तुझ्या दाराबाहेरचं चपलांचं कपाट असू शकतं, मग बस. नवरात्रातली असतील तर आता पाच आठवड्यांच्या आसपासची असतील, बाहेर यायला लागली असतील, मऊ खायलाही लागली असतील. आठव्या आठवड्यापर्यंत दूध सुटत येतं आणि तिची ही डरकाळी बरीच उतरते. म्हणजे तुला आयुष्यभराचा प्रॉब्लेम वाटतोय तो साधारण महिनाभराचा आहे, आणि तोही एका वळणापुरता.

हे मी मुद्दाम म्हणतेय. तुझ्या घरात दोन पक्ष पडलेत, एक म्हणतो मांजर वाईट, दुसरा म्हणतो टायगर बावळट. मला विचारशील तर भांडण जिन्याचं आहे. जुन्या बिल्डिंगचा जिना म्हणजे तीन-साडेतीन फूट रुंद, वळणापलीकडचं दिसत नाही, वरून 34 किलो धबाधबा येतंय, खाली मांजर, आणि कोणालाच बाजूला व्हायला जागा नाही. हेच दोघं मोकळ्या मैदानात भेटले असते तर तिने झाड गाठलं असतं, ह्याने खाली उभं राहून दोन वेळा भुंकून घेतलं असतं, आणि तू पत्र लिहिलं नसतंस.

म्हणून पहिलं काम, घंटा. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार हे उंदरांचं कोडं आहे, तुला ते सोडवायचं नाहीये, तू घंटा टायगरच्या गळ्यात बांध. बैलाच्या गळ्यातली नको, दोन घुंगरू पुरे, किंवा निघताना तूच चाव्यांचा जुडगा वाजवत उतर. मांजराचे कान आपल्यापेक्षा फार तिखट, तिसऱ्या मजल्यावर दार उघडून घुंगरू वाजलं की तिला खाली कळेल स्वारी येतेय, आणि ती वळणावर दचकून भेटण्याऐवजी आधीच पिल्लांपाशी जाऊन बसेल. ती जिथे बसते त्या बाजूला, मीटरसमोर नाही हं, वायरमन ओरडेल, तर अडगळीच्या तोंडाशी एक जुना प्लायवूडचा तुकडा किंवा टीव्हीचा रिकामा खोका आडवा लाव, तिला मागून जायला वाट ठेवून. एकमेकांना दिसले नाहीत तरी अर्धं काम होतं.

दुसरं, वेळ. आजी सातला दूध घालतात आणि तुम्हीही सातलाच निघता ना? म्हणजे तिच्या ताटावरून रोज कुत्रा चालतो. तू सव्वासहाला निघ. आणि आजींशी जाऊन बोल, व्हॉट्सॲपवर नाही, चहाला बस त्यांच्याकडे. खाणं जिन्याखाली न घालता बिल्डिंगच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ वगैरे घाला म्हणावं, पण एका दिवसात जागा बदलायची नाही, रोज चार-पाच फूट सरकवत न्यायची, नाहीतर मावशी जुन्या जागीच येऊन बोंबलत बसेल. आणि जाता जाता हळूच हेही सांग की मोठ्या मांजरांना गाईम्हशीचं दूध बहुतेकदा पचत नाही, पोट बिघडतं, आणि सुके बोंबील खारट असतात, त्यापेक्षा उकडलेल्या मासळीचा तुकडा नाहीतर उकडलेलं चिकन बिनमिठाचं, आणि एक वाटी साधं पाणी. तू चूक दाखवायला गेलीस तर दार बंद होईल, पिल्लवाली आहे, अंगावर पाजते, तिला ताकद हवी, असं म्हण. आजी लोकांना हे पटतं, मी पण आजीच आहे.

तिसरं, आणि हे वाचून तुझा नवरा मला दुवा देईल, पुढचे आठ-दहा दिवस टायगरला खाली नेऊच नका. वर न्या. तुमच्या वर एकच मजला आणि मग गच्ची. सेक्रेटरीकडून गच्चीची चावी माग, एका कोपऱ्यात मातीचा ट्रे किंवा वर्तमानपत्र, शी लगेच उचलायची, पाणी ओतायचं. कटकट होईल, ऐकून घ्यायचं, दहा दिवसांचा प्रश्न आहे म्हणून लिहून दे हवं तर. यात दोन गोष्टी होतात, एक म्हणजे चौदा-चौदा तास शू धरून ठेवणं थांबतं, त्याने मूत्रमार्गाचं इन्फेक्शन होऊ शकतं, आणि दुसरं म्हणजे जिना म्हटलं की थप्पड हे जे त्याच्या डोक्यात बसलंय ते सुटायला लागतं. त्यात मध्ये दिवाळी होऊन गेली, फटाक्यांनी कुत्री आधीच अर्धमेली झालेली असतात, त्यात जिन्यात आवाज घुमतो तो वेगळाच. तू लिहिलं नाहीस पण मला खात्री आहे त्या चार दिवसांत तो जास्तच बसला असेल.

पायपुसण्यावर ओरडलीस त्याबद्दल तुला आता ओरडत नाही. पण तो हट्टीपणा नव्हता गं, जायला जागाच नव्हती त्याला.

मग दहा दिवसांनी जिना, पण अर्धा-अर्धा. त्याच्यासाठी हार्नेस घे, छातीवर पुढून हुक असतो तो, गळपट्ट्याला ओढलं की घसा आवळतो आणि कुत्रं आणखी घाबरतं, आणि ते लांब होणारं दोरीचं रीळ असतं ते जिन्यात चुकूनही नको. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे खिशात. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यापर्यंत, तो जिथे बसतो त्याच्या दोन पायऱ्या आधी थांब, तो बसायच्या आत तू थांबायचं, हे महत्त्वाचं आहे, तुकडा दे आणि घरी परत. दुसऱ्या दिवशी एक पायरी पुढे. मांजर लांबून दिसली आणि त्याने तिच्याकडे बघून तुझ्याकडे बघितलं की लगेच तुकडा. मांजर दिसते तेव्हा चिकन मिळतं, इतकं गणित लॅबला कळतं, लॅबला गणित फक्त खाण्याचंच कळतं. जिथे तो खायचं थांबेल तिथे समज आपण फार पुढे आलो, एक जिना मागे जायचं. ओढायचं नाही, आणि मिस्टरांनी उचलणंही बंद, एक तर त्यांची कंबर जाईल आणि दुसरं म्हणजे उचलून नेलं की टायगरला वाटतं खाली खरंच काहीतरी भयंकर आहे म्हणूनच हे मला उचलतायत.

त्याचं अंग वाचायला शीक. कान मागे, ओठ चाटतोय, उगाच जांभई देतोय, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, तर भीती. पण कधी तोंड घट्ट बंद, अंग ताठ, पापणी न हलवता मांजरीकडेच बघत राहिला, हाक मारली तरी कान हलत नाही, तर ती शिकार आहे, आणि तेव्हा चिकन दाखवत उभं राहायचं नाही, सरळ वळून वर चालू लागायचं. टायगरमध्ये मला दोन्ही दिसतंय, आधी मागे धावला आणि आता घाबरतोय, आणि घाबरलेला मोठा कुत्रा पट्ट्यात अडकला की झेप घेतो. सासूबाईंच्या वेळी तेच झालं असणार.

बिल्डिंगची पोरं टायगरला बघून "छू" करतात का गं? पत्रात नाहीये पण करतातच, सगळीकडे करतात. ते आधी बंद. त्यांना गंमत वाटते आणि कुत्र्याला ती ऑर्डर वाटते.

आता ही दोस्ती. मला कळतं, रील्समध्ये कुत्रा आणि मांजर एका गादीवर झोपलेले दिसतात. पण ते बहुतेक वेळा लहानपणापासून एकत्र वाढलेले असतात. पिल्लाची नवीन प्राण्यांशी ओळख होण्याची वेळ फार थोडी असते, मांजरात साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत, कुत्र्यात तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. टायगर तीन वर्षांचा घोडा आणि मावशी रस्त्यावर वाढलेली, अंगावर पिल्लं. शिवाय दोघांची भाषाच उलटी. हा शेपटी हलवतो म्हणजे ये ना खेळू, ती शेपटी हलवते म्हणजे सरक नाहीतर देते. हा पुढचा पाय उचलतो लाडाने, तिचा पाय वर गेला की त्यात पाच नखं तयार असतात. हा पुढे वाकून मागचा भाग वर करतो, खेळायला बोलावतो, तिला वाटतं झेप घेतोय. पाठीची कमान करून, केस पिंजारून, फिस्स केलं म्हणजे तिने सभ्यपणे इशारा दिलेला असतो आणि आपला लॅब म्हणतो वा काय मस्त फुगते ही.

त्यामुळे कोणीतरी मांजर उचलून टायगरच्या नाकाशी धरतंय, बघ ताई कशी बघते, असलं काही झालं तर पहिला ओरखडा उचलणाऱ्याच्या हातावर आणि दुसरा टायगरच्या डोळ्यात. दोस्तीची गरजच नाही. चाळीत कसं, वर्षानुवर्षं समोरच्यांशी बोलणं नसतं पण जिन्यात भेटलं की भिंतीला लागून वाट देतात, तेवढं झालं की झालं.

खाजवण्याचं विसरलेच. पिसवा असणार. कुत्र्यांच्या अंगावर सापडणारी पिसू बहुतेक वेळा खरं तर मांजरीच्या जातीचीच असते, तिला कोणाच्या अंगावर बसायचं याचं काही नसतं, आणि तुझ्या पायपुसण्यात आणि जिन्यात तिची अंडी असतील. शेपटीच्या मुळाशी केस उलटे करून बघ, काळी मिरपूड दिसली तर ती ओल्या टिश्यूवर ठेव, लालसर डाग पडला तर पिसवांची घाण. डॉक्टरांकडून टायगरच्या वजनाप्रमाणे औषध घे, जंताचंही विचार, कारण चाटताना पिसू गिळली की एक चपटा जंत होतो. पण ऐक, टायगरचं उरलेलं औषध दया येऊन मावशीच्या मानेवर ओतायचं नाही. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं ते मांजरीला विष आहे, झटके येऊन मरते. तसंच कोणाला ताप असेल म्हणून पॅरासिटामॉल चुरून घालणं, अर्धी गोळीसुद्धा मांजर मारते. आजींना हे पण सांग, त्या वयाला घराघरात डॉक्टर असतात.

शेवटी मिस्टर आणि पोतं. तू खरं सांगा म्हणालीस म्हणून सांगते, चूक आहे, आणि उपयोगही नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा आहे, जनावराला उपाशी मरेल असं कुठेतरी टाकून येणं त्यात गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेव. आईला नेलं तर पिल्लं मागे राहतील, चार-पाच दिवस रात्रंदिवस ओरडतील, मग ओरडायची थांबतील, आणि मग मीटर बॉक्समागून वास यायला लागेल आणि तो साफ करायला कोण जाणार ते मिस्टरांना विचार. आईसकट पिल्लं नेली तरी जिन्याखालचं दूध आणि अडगळ तशीच आहे, महिन्याभरात दुसरी मांजर येईल, ती कशी असेल कोणाला माहीत, ही निदान एका थपडेत थांबली.

त्यापेक्षा तोच माणूस, तोच उत्साह, ऑपरेशनसाठी वापर. पिल्लं आठ आठवड्यांची झाली, दूध सुटलं, की मावशीला पकडून नसबंदी करून घ्यायची आणि परत तिथेच सोडायचं. उशीर करायचा नाही, कारण मांजर अंगावर पाजत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत पुढची खेप. 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आलेत, त्याप्रमाणे नसबंदी झालेल्या जनावराला मूळ जागी आणून सोडायचं असतं, आणि सोसायटीने खाणं घालायची जागा आणि वेळ ठरवून द्यायची असते, हे सेक्रेटरीला सांगितलंस तर गच्चीच्या चावीचंही बोलणं सोपं जाईल. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला किंवा जवळच्या प्राणिमित्र संस्थेला फोन कर, त्यांच्याकडे पकडायचा पिंजरा असतो. पोत्यात हात घालू नका म्हणावं मिस्टरांना, 15 मिनिटं साबणाचं आणि चार इंजेक्शनांचं मी वर लिहिलंय. ऑपरेशन झालेल्या मांजरीच्या कानाचं टोक सरळ कापलेलं असतं, लांबूनही ओळखू येतं, बघून घ्या, कदाचित पिल्लांपैकी एखाद्याला घरही मिळेल. आजींच्या डोक्यात कोणतं ठेवायचं ते एव्हाना ठरलेलंच असेल.

पायपुसणं टाकून दे आणि नवीन आण. फरशी पुसायला फिनेल वापरू नकोस, ते मांजरींना फार वाईट आणि कुत्र्यालाही चांगलं नाही, शिवाय शूचा वास त्याने जात नाही, आपल्याला फक्त फिनेलचा यायला लागतो. पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून पूस, वाळू दे, मग साधं पाणी. आणि टॉर्च घेऊन बघून झालं की मला कळव किती आहेत, मी तीन म्हणतेय.